चिरंजीव म्हणजे अमर नव्हे

लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलाच्या नावाआधी ‘चि.’ छापतात, मुलीच्या नावाआधी ‘चि. सौ. कां.’. ‘अमर’ मात्र आशीर्वाद म्हणून कोणी छापत नाही. ते मुलाचं नाव ठेवतात, नाहीतर कोणी गेलं की मिरवणुकीत ‘अमर रहे’ म्हणतात. बोलताना हा फरक आपण बिनचूक पाळतो आणि अश्वत्थामा किंवा हनुमंताची गोष्ट निघाली की तोच विसरतो. ‘तो अमर आहे ना?’ नाही. तो चिरंजीव आहे.

मला हा फरक पहिल्यांदा जाणवला तो वाढदिवसाच्या दुधामुळे. आजी तीळ आणि गूळ घातलेलं दूध अर्धी ओंजळभर प्यायला द्यायची आणि आधी श्लोक म्हणून घ्यायची: ‘अश्वत्थामा बलिर्व्यासो हनुमांश्च विभीषणः। कृपः परशुरामश्च सप्तैते चिरजीविनः॥’ पुढच्या ओळीत आठवा मार्कंडेय येतो, आणि मग फळ: ‘जीवेद्वर्षशतम्’. युगानुयुगं जगणाऱ्या आठ जणांची नावं रोज घ्यायची आणि पदरात काय, तर रोगराईशिवाय शंभर वर्षं. लहानपणी मला हा सौदा फारच तोट्याचा वाटायचा.

शब्दच नीट पाहू. ‘चिरंजीव’ हे मुळात आज्ञार्थी वाक्य आहे: चिरं जीव, पुष्कळ काळ जग. त्यात कालमर्यादा लांबवली आहे, पुसलेली नाही. ‘अमर’ म्हणजे ज्याला मरणच नाही. चिरंजीवाला तर-तम भाव लागतो, हा त्याच्यापेक्षा जास्त जगला असं म्हणता येतं. अमराला तो लागत नाही.

अमर व्हायचं तर महाभारतात सरळ वाट एकच, अमृत. आदिपर्वात समुद्रमंथन होतं, देव अमृत पितात, आणि राहू नावाचा दानव देवाचं रूप घेऊन पंगतीत बसतो. घोट घशापर्यंत उतरतो तोच विष्णूचं चक्र येतं. म्हणून त्याचं मस्तक तेवढं अमर झालं आणि ग्रहणाच्या कामाला लागलं. मरणाची हद्द अशी गळ्यावर रेघ मारून दाखवणारी गोष्ट मला दुसरी ठाऊक नाही. गरुडाची तऱ्हा उलटी. आईला दास्यातून सोडवायला तो अमृताचा कुंभ आणतो, पण वाटेत थेंबही चाखत नाही. विष्णू खूश होऊन वर माग म्हणतो, तेव्हा गरुड मागतो: अमृत न पिताच मी अजर आणि अमर व्हावं. त्याला ते मिळतं.

बाकी ज्यांनी ज्यांनी तप करून अमरत्व मागितलं, त्यांना ब्रह्मदेवाने साफ नकार दिला आहे. सुंद-उपसुंद या भावांना तो म्हणाला, अमरत्व सोडून काहीही मागा. त्यांनी मागितलं की आम्हाला एकमेकांखेरीज कोणाकडून मरण नको, आणि तिलोत्तमा दिसताच एकमेकांना ठार केलं. रावणालाही आधी अमरत्वच हवं होतं. ते मिळेना म्हणून त्याने देव, दानव, यक्ष, नाग अशी यादी दिली आणि माणसांना गवताच्या काडीसारखं समजून यादीतून वगळलं. अमरपट्टा मिळत नाही म्हटल्यावर करारनामा लिहायला बसलेले हे लोक, आणि प्रत्येकाच्या करारात एक कलम राहून गेलेलं.

चिरंजीवांचं तसं नाही. त्यातल्या बहुतेकांनी काही मागितलेलंच नाही. त्यांना ठेवून घेतलं आहे, आणि कशासाठी ते विष्णुपुराण सांगतं. पूजेच्या संकल्पात गुरुजी ‘वैवस्वत मन्वंतरे’ म्हणतात ते आत्ताचं, सातवं मन्वंतर. एक मन्वंतर म्हणजे 71 महायुगं, ढोबळ हिशेबाने 30 कोटी 67 लाख 20 हजार वर्षं. पुढचं आठवं सावर्णी मन्वंतर. त्यात इंद्रपदावर बळीराजा बसणार आहे, आणि त्या काळच्या सप्तर्षींमध्ये परशुराम, कृप, अश्वत्थामा आणि व्यास ही चार नावं आहेत. म्हणजे सातांपैकी पाच जण नेमणुकीच्या प्रतीक्षायादीत आहेत. पाडव्याला ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणताना आपण नकळत त्याच यादीतल्या पहिल्या नावाबद्दल बोलत असतो.

उरले दोघे. उत्तरकांडात राम बिभीषणाला सांगतो की प्रजा असेतोवर तू लंकेत राहा. हनुमंताने मात्र स्वतः मागून घेतलं आहे: पृथ्वीवर रामकथा चालू असेल तोवर माझ्या शरीरात प्राण राहोत. एकाचं आयुष्य लोकांना बांधलेलं, दुसऱ्याचं कथेला. कथा थांबली की मारुतीही थांबणार.

अश्वत्थाम्याशी जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त घोटाळा त्याच्याच बाबतीत होतो. रात्री झोपलेल्या छावणीत शिरून द्रौपदीची पाच मुलं मारणारा आणि नंतर पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भावर अस्त्र टाकणारा हा माणूस. सौप्तिकपर्वात कृष्ण त्याला शाप देतो, त्यात ‘अमर हो’ असं कुठेही नाही. आहे ते असं: तीन हजार वर्षं या पृथ्वीवर एकटा फिरशील, निर्जन प्रदेशात, कोणाशी दोन शब्द बोलायला मिळणार नाहीत, अंगाला पू आणि रक्ताचा वास येत राहील. आकडा चक्क दिलेला आहे. परंपरेने युद्धाला पाच हजारांवर वर्षं झाली असं धरलं, तर ही शिक्षा कधीच भोगून संपली. पण लोक त्याला सोडत नाहीत. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या अस्तंभ्याच्या डोंगरावर दिवाळीच्या दिवसांत त्याच्या नावाने यात्रा भरते, आणि कपाळावरच्या जखमेसाठी तो तेल मागत हिंडतो ही गोष्ट तर घरोघरी आहे. शापाची मुदत लोकांनीच वाढवून दिली.

भीष्म या दोन्हींत बसत नाही. त्याला मिळालं ते इच्छामरण. दहाव्या दिवशी पडला आणि शरपंजरी 58 रात्री काढून, उत्तरायण लागल्यावर गेला. मरण टळलं नाही, फक्त तारीख त्याच्या हातात होती.

आता थोडी पंचाईत. अमर म्हणवणारे देव तरी कायमचे आहेत का? इंद्र मन्वंतरागणिक बदलतो. विष्णुपुराणच एका ठिकाणी सांगून टाकतं की भूतांचा प्रलय होईपर्यंत टिकणं, यालाच अमृतत्व म्हणतात. म्हणजे तिथेही शेवटी मुदतच. फरक राहतो तो म्हातारपणाचा. अमरकोशात देवांचे पर्याय सुरू होतात ‘अमरा निर्जरा देवाः’ असे, मरण नाही आणि जराही नाही. ग्रीकांच्या टिथोनसला प्रेयसी असलेल्या उषादेवीने अमरत्व मागून घेतलं, तारुण्य मागायचं विसरली, आणि तो झिजत झिजत नुसता आवाज उरला. गरुडाने अजर आणि अमर असे दोन्ही शब्द उच्चारले होते, ते उगाच नाही.

तर-तम भाव म्हटलं, त्याचा पुरावा वनपर्वात आहे. पांडव मार्कंडेयाला विचारतात, तुमच्याहून ‘चिरजाततर’ कोणी आहे का? अगदी हाच शब्द. तो इंद्रद्युम्न राजाची गोष्ट सांगतो. राजाचं पुण्य सरलं, कीर्ती बुजली, म्हणून तो स्वर्गातून खाली पडला आणि मार्कंडेयाकडे आला: मला ओळखता? नाही. तुमच्याहून जुनं कोणी? हिमालयात एक घुबड आहे. राजा घोडा झाला आणि ऋषीला पाठीवर घेऊन निघाला. घुबडाने घटकाभर विचार केला, म्हणालं, नाही ओळखत. माझ्याहून जुना एक बगळा आहे, सरोवरावर. राजाने घुबडालाही बरोबर घेतलं. बगळ्यानेही मान हलवली आणि त्याच सरोवरातल्या अकूपार नावाच्या कासवाला हाक मारली. कासव वर आलं, क्षणभर पाहत राहिलं. त्याचे डोळे भरून आले, अंग कापू लागलं. म्हणालं, याला कसा ओळखणार नाही? याने हजार वेळा यज्ञ केले. याने दान दिलेल्या गायींच्या खुरांनीच हे सरोवर तयार झालं, आणि मी यात राहतो.

एवढ्यात स्वर्गातून रथ आला: चल, तुझी कीर्ती अजून आहे. राजा म्हणाला, जरा थांबा, या दोघा म्हाताऱ्यांना आधी घरी सोडून येतो.