वचनश्रवण आणि वचनाचरण

पवित्र शास्त्रातील वचन ऐकणे आणि ऐकलेले रोजच्या वागण्यात उतरवणे, ही ख्रिस्ती साधनेची मूळ अट मानली जाते. या दोन वेगळ्या पायऱ्या वाटतात, पण बायबलच्या भाषांत त्यांच्यातली रेघ फार पुसट आहे. हिब्रूतील ‘शमा’ या क्रियापदात ऐकणे आणि मानणे दोन्ही येते. ‘हे इस्राएला, ऐक’ (अनुवाद ६:४) ही हाक त्याच शब्दाने सुरू होते. ग्रीकमध्ये ‘अकुओ’ म्हणजे ऐकणे आणि त्यालाच उपसर्ग लागून झालेले ‘हुपाकुओ’ म्हणजे आज्ञा पाळणे. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. ‘पोर ऐकत नाही’ असे आई म्हणते, तेव्हा तक्रार कानांची नसते.

या संकल्पनेचा सर्वांत थेट उच्चार बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्रात आहे (१:२२–२७). वचन नुसते ऐकणारे होऊ नका, करणारे व्हा. नाहीतर स्वतःचीच फसवणूक कराल, असे तो बजावतो. फसवणूक स्वतःची, हा मुद्दा महत्त्वाचा. ऐकणाऱ्याला आपण श्रद्धावान आहोत असे मनापासून वाटत असते. आरशात तोंड पाहून दूर जाताच आपण कसे दिसतो हे विसरणाऱ्या माणसाशी याकोब त्याची तुलना करतो. त्यानंतरची त्याची उदाहरणे अगदी रोखठोक आहेत. करायचे काय, तर अनाथ आणि विधवांची त्यांच्या संकटात विचारपूस. टाळायचे काय, तर सभेत सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा आणि गरिबाला पायांपाशी, उघड्या-उपाशी भावाला नुसताच ‘सुखाने जा’ असा निरोप. यातले काहीच कळायला अवघड नाही आणि म्हणूनच ते टोचते.

येशूच्या डोंगरावरील प्रवचनाचा शेवटही याच मुद्द्यावर होतो (मत्तय ७:२४–२७). खडकावर घर बांधणारा आणि वाळूवर बांधणारा, दोघांनीही वचन ऐकलेले आहे. पाऊस, पूर आणि वाराही दोघांच्या घरांवर सारखाच येतो. फरक फक्त करण्या-न करण्याचा आहे. हा दृष्टान्त श्रद्धाहीनांवर बोट ठेवणारा आहे असे समजून तो वाचला जातो. वास्तविक तो समोर बसलेल्या श्रोत्यांसाठीच आहे.

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीत बहुतेकांना वाचता येत नसे. शास्त्र सभेत मोठ्याने वाचले जाई आणि तेच त्यांचे शास्त्र. दुसऱ्या शतकाच्या मध्यास हुतात्मा जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या सभेचे वर्णन केले आहे. आधी प्रेषितांच्या आठवणी (म्हणजे शुभवर्तमाने) किंवा संदेष्ट्यांचे लेखन वाचले जाई, मग सभेचा प्रमुख त्या चांगल्या गोष्टींचे अनुकरण करा असे सांगे. प्रार्थना आणि भाकरीच्या विधीनंतर ऐपत असणारे स्वेच्छेने देणगी देत. ती अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परक्या पाहुण्यांसाठी वापरली जाई. म्हणजे ऐकलेल्याचे आचरण त्याच सभेत सुरू होई.

एका वाचनाने आयुष्य पालटल्याचे प्रसिद्ध उदाहरण इजिप्तच्या अंतोनी या संन्याशाचे. तिसऱ्या शतकात, आईवडील गेल्यानंतर काही महिन्यांतच, ‘तुझे असेल ते विकून गोरगरिबांना दे’ (मत्तय १९:२१) हे वाक्य त्याने चर्चमध्ये ऐकले आणि ते आपल्यालाच उद्देशून आहे असे मानून जमीन देऊन टाकली. बहिणीसाठी थोडे मागे ठेवले होते. पुढे ‘उद्याची चिंता करू नका’ हे ऐकल्यावर तेही वाटले आणि बहिणीला विश्वासू कुमारिकांच्या स्वाधीन केले. पण जक्कय या श्रीमंत जकातदाराने अर्धीच मालमत्ता दिली आणि येशूने त्याच्या घरी तारण आल्याचे सांगितले (लूक १९). प्रत्येक आज्ञा प्रत्येकाला त्याच मापाने लागू होते असे दिसत नाही. कोणते वाक्य आपल्यासाठी आहे हे ओळखणे हा ऐकण्याचाच भाग आहे, आणि मला तो सर्वांत कठीण भाग वाटतो.

श्रद्धा आणि कृती यांच्या नात्यावरून मोठा वाद झाला. मनुष्य मोशेच्या नियमशास्त्रातील कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो, असे प्रेषित पौल म्हणतो (रोम ३:२८). केवळ विश्वासाने नव्हे, असे याकोब (२:२४). १५२२ साली प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन लूथरने याकोबाच्या पत्राला ‘गवताचे पत्र’, म्हणजे हलके, म्हटले. तरी खरा विश्वास सत्कृत्यांवाचून राहूच शकत नाही, हेही त्यानेच लिहिले. १५४७ मध्ये ट्रेंट येथील कॅथलिक धर्माधिकाऱ्यांच्या परिषदेने कॅथलिक भूमिका मांडली: नुसता विश्वास पुरत नाही, कृपेला माणसाची साथही लागते. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे लूथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी या विषयावरील संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या: तारण कृपेनेच मिळते, सत्कृत्ये हे त्याचे फळ.

साधनेच्या अंगाने, बाराव्या शतकातील कार्थुसियन या संन्यासी संघाच्या ग्विगो दुसरा याने वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशी चार पायऱ्यांची शिडी सांगितली. पुढे अनेकांनी तिला कृतीची पाचवी पायरी जोडली. विसाव्या शतकात बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डेन यांनी कामगार तरुणांसाठी ‘पाहा, पारखा, करा’ ही रीत रुजवली. परिस्थिती पाहायची, ती शुभवर्तमानाच्या कसोटीवर पारखायची आणि मग काय करायचे ते ठरवायचे.