अवमूल्यन आणि अंतर्गत अवमूल्यन: फरक कर्जात दिसतो

जुलै १९९१ मध्ये, १ आणि ३ तारखेला, रुपयाची किंमत दोन टप्प्यांत उतरवली गेली. डॉलर सुमारे २१ रुपयांवरून २६ च्या घरात गेला. कुणाच्या पगाराचा आकडा बदलला नाही, रुपयातल्या कर्जाचा हप्ताही तोच राहिला. आयात महागली, आणि परदेशी गिऱ्हाइकाला भारतीय माल स्वस्त पडू लागला. हे चलनाचं अवमूल्यन: एकच किंमत बदलायची, म्हणजे विनिमय दर.

२०१० मध्ये कर्जसंकटात सापडलेल्या ग्रीसला ही वाट बंद होती. तिथे २००१ पासून युरो. व्याजदर फ्रँकफर्टमधली युरोपीय मध्यवर्ती बँक ठरवते, आणि युरो एकट्या ग्रीसपुरता स्वस्त करता येत नाही. मग माल स्वस्त करायचा तर मजुरी आणि किमतीच खाली ओढायच्या. याला अंतर्गत अवमूल्यन म्हणतात. उद्देश तोच, पण इथे एका दराऐवजी लाखो करार, पगार आणि भाव एकेक करून खाली यावे लागतात.

खरी मेख कर्जात आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये ग्रीसचं किमान मासिक वेतन ७५१ युरोंवरून ५८६ वर आणलं गेलं, म्हणजे २२ टक्के कपात. २५ वर्षांखालच्यांसाठी ती ३२ टक्के होती. समजा एखाद्याचा घराचा हप्ता ३०० युरो आहे. आधी तो वेतनाच्या ४० टक्के होता, आता ५१ टक्के झाला. बँकेने काही वाढवलेलं नाही, कमाईच आटली. मग हप्ते थकतात, बँका अडचणीत येतात, नवं कर्ज मिळेनासं होतं आणि दुकानातला खप आणखी घटतो.

सरकारचंही तेच. २००९ अखेर ग्रीसचं सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १२७ टक्के होतं. पुढच्या चार वर्षांत ते उत्पन्न साधारण चतुर्थांशाने घटलं. कर्जात एका युरोचीही भर पडली नसती, तरी नुसत्या भागाकाराने १२७ चे १६९ झाले असते. म्हणूनच मजुरी कापायची तर कर्जाची पुनर्रचना, म्हणजे मुद्दल, व्याज किंवा मुदतीत सवलत, आधी, निदान बरोबरीने तरी, व्हायला हवी असं आमचं ठाम मत आहे. ग्रीसला पहिलं मदतपॅकेज मे २०१० मध्ये मिळालं. खासगी धनकोंनी रोख्यांच्या दर्शनी मूल्यावर ५३.५ टक्के पाणी सोडलं ते मार्च २०१२ मध्ये. मधली जवळपास दोन वर्षं फार महागात पडली.

आणखी एक गल्लत नेहमी होते. सरकारी काटकसर म्हणजे अंतर्गत अवमूल्यन नव्हे. पेन्शन कापल्याने तूट कमी होते, पण कारखान्यातून निघणाऱ्या मालाचा खर्च तेवढाच राहतो. मूल्यवर्धित कर वाढवला तर भाव उलट चढतात. ग्रीसमध्ये २०१० या एका वर्षात तो १९ टक्क्यांवरून २३ वर नेला गेला, आणि मागणी कोसळत असतानाही त्या वर्षी महागाई ४.७ टक्के होती. मजुरी उतरली, भाव मात्र बराच काळ उतरले नाहीत. किमती प्रत्यक्ष घसरू लागल्या २०१३ मध्ये. तोवर बेरोजगारी २७ टक्क्यांच्या आसपास पोहोचली होती.

स्वतःचं चलन असलं की सगळं सुटतं, असंही नाही. २००८ मध्ये आइसलँडचा क्रोना युरोच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आला. निर्यातीला आणि पर्यटनाला त्याचा फायदा झाला, पण ज्या कुटुंबांची कर्जं येन किंवा स्विस फ्रँकशी बांधलेली होती त्यांची मुद्दल क्रोनात जवळपास दुप्पट झाली. जानेवारी २००९ मध्ये महागाई १८ टक्क्यांच्या वर गेली, आणि पैसा देशाबाहेर नेण्यावरचे निर्बंध उठायला मार्च २०१७ उजाडला. तेव्हा कुठल्याही देशाबद्दल पहिला प्रश्न हा विचारावा: कर्ज कोणत्या चलनात आहे?

आपली राज्यंही एकाच रुपयात राहतात. बिहारला रुपया वेगळा स्वस्त करता येत नाही. पण वित्त आयोगाच्या सूत्राने केंद्राच्या करांतला वाटा तिथे जातो, आणि काम शोधत माणसं मुंबई-पुण्याला येऊ शकतात. युरोक्षेत्रात माणसं हलू शकतात, पण भाषा आडवी येते; आणि असा केंद्रीय करवाटा तिथे नाही. ग्रीसला जे मिळालं ते मुख्यतः कर्ज होतं, अटींसकट.