अली, आगा शाहिद

(४ फेब्रुवारी १९४९ – ८ डिसेंबर २००१). इंग्रजीत लिहिणारे काश्मिरी-अमेरिकन कवी, उर्दू कवी फैज अहमद फैज यांच्या कवितेचे अनुवादक आणि अमेरिकी विद्यापीठांतील सर्जनशील लेखनाचे अध्यापक. काफिया (यमक) आणि रदीफ (यमकानंतर पुन्हा पुन्हा येणारा तोच शब्द किंवा शब्दसमूह) पाळणारी गझल इंग्रजीत रुजावी, यासाठी त्यांनी लेखन, संपादन आणि अध्यापन अशा तिन्ही मार्गांनी खटपट केली. त्यांच्याविषयीच्या चर्चेत या खटपटीला मोठे स्थान आहे आणि या नोंदीतही ते तसेच राहील.

ग्रंथालयांच्या सूचीत हे नाव ‘अली’खाली सापडते. ही पाश्चात्त्य सोय आहे. घराणे ‘आगा’ आणि कवी ‘शाहिद’. मक्त्यात (गझलेच्या अखेरच्या शेरात) तखल्लुस (कवीचे टोपणनाव) म्हणून तेच येते. मराठी लेखनात हे नाव अनेकदा ‘शहीद’ असे छापले जाते, ते चूक आहे. धातू एकच असला तरी अरबीत ‘शहीद’ म्हणजे हुतात्मा आणि ‘शाहिद’ म्हणजे साक्षीदार. फारसी काव्यपरंपरेत शाहिद म्हणजे प्रियपात्रही. हा दुहेरी अर्थ कवीने स्वतः एका मक्त्यात उलगडून सांगितला आहे आणि निवडक कवितांच्या संग्रहाला (१९९२) ‘द बिलव्हेड विटनेस’ हे नाव देऊन तो शीर्षकातही आणला आहे.

जन्मस्थळाबाबत एकवाक्यता नाही. काही ठिकाणी श्रीनगर असा उल्लेख आढळतो. बहुतेक संदर्भसाधने मात्र नवी दिल्ली देतात आणि तेच ग्राह्य धरणे योग्य वाटते. कुटुंब श्रीनगरचे आणि बालपणही तिथलेच, यावरून पहिला उल्लेख रूढ झाला असावा. वडील आगा अश्रफ अली हे काश्मीरमधील नामवंत शिक्षणतज्ज्ञ. आजी बेगम जफर अली या काश्मीरमधील पहिल्या मॅट्रिक झालेल्या स्त्री म्हणून ओळखल्या जातात. आईचे माहेर उत्तर प्रदेशातले. लखनवी उर्दूचा आणि ठुमरी-गझलेच्या गायकीचा संस्कार घरात आला तो तिच्याकडून. घरात उर्दू, काश्मिरी आणि इंग्रजी या तिन्ही भाषा बोलल्या जात. मातृभाषा उर्दू, पण लिहिण्याची पहिली भाषा इंग्रजी, असा भेद शाहिद स्वतः करीत.

वडिलांच्या उच्च शिक्षणानिमित्त १९६०च्या दशकाच्या आरंभी कुटुंब काही काळ अमेरिकेत इंडियाना राज्यातील मन्सी येथे होते. पुढे काश्मीर विद्यापीठाची पदवी आणि दिल्लीच्या हिंदू कॉलेजातून इंग्रजीची एम.ए. पदवी (१९७०) घेऊन त्यांनी त्याच महाविद्यालयात काही वर्षे शिकवले. १९७०च्या दशकाच्या मध्याला ते अमेरिकेला गेले. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाने त्यांना १९८४ मध्ये पीएच.डी. दिली. प्रबंधाचा विषय होता ‘संपादक म्हणून टी. एस. एलियट’. कवीचा अभ्यास करताना त्याच्या कवितेऐवजी दुसऱ्यांचे लेखन हाताळणाऱ्या त्याच्या हाताकडे पाहण्याची ही निवड पुढच्या आयुष्याशी चांगली जुळते. १९८५ मध्ये ॲरिझोना विद्यापीठातून त्यांनी एम.एफ.ए. केले. ललित लेखनाची ही पदवी अमेरिकेत कवीला अध्यापनाचा परवाना मानली जाते. भारतातील इंग्रजी कवीला बहुधा साहित्येतिहास शिकवून पोट भरावे लागते. अमेरिकेत मात्र ‘कविता कशी लिहावी’ हाच विषय शिकवण्याची पदे विद्यापीठांत असतात आणि शाहिद यांची कारकीर्द या व्यवस्थेत घडली.

हॅमिल्टन कॉलेज (१९८७–९३) आणि त्यानंतर ॲमहर्स्ट येथील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ ही त्यांची अध्यापनाची मुख्य ठिकाणे. ॲमहर्स्टला ते कवी-लेखकांच्या एम.एफ.ए. अभ्यासक्रमाचे संचालकही होते. १९९९ मध्ये ते युटा विद्यापीठात रुजू झाले. याखेरीज अन्यत्र अभ्यागत कवी म्हणूनही त्यांनी शिकवले. या अध्यापनाची पद्धत कार्यशाळेची: विद्यार्थ्याची कविता आधी सर्वांना वाटली जाते आणि वर्गात तिच्यावर चर्चा होते. शाहिद यांच्या वर्गाचे प्रत्यक्षदर्शी चित्र त्यांचे मित्र, कादंबरीकार अमिताव घोष यांच्या लेखात मिळते. न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजातील २०००च्या वसंत सत्रातील अखेरच्या तासाला घोष हजर होते. मोठ्या आवाजातली थट्टा, उशिरा आलेल्या भारतीय विद्यार्थिनीचे हातात हात गुंफून, भोवळ आल्याचे सोंग करून केलेले स्वागत आणि विद्यार्थ्यांनी त्यांच्या सन्मानार्थ काढलेले छोटेखानी नियतकालिक हे तपशील त्यात आहेत. तो शाहिद यांचा शेवटचाच वर्ग ठरला. हा लेख बरीच वर्षे एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या इंग्रजी पुरवणी वाचनात समाविष्ट असल्याने भारतातील अनेकांना हा कवी प्रथम भेटला तो त्याच्या कवितेतून नव्हे, तर मित्राने लिहिलेल्या मृत्युलेखातून.

पहिले दोन संग्रह ‘बोन-स्कल्प्चर’ (१९७२) आणि ‘इन मेमरी ऑफ बेगम अख्तर’ (१९७९) कलकत्त्याच्या रायटर्स वर्कशॉपने काढले. दुसऱ्याच्या शीर्षकातील गायिकेचे निधन ३० ऑक्टोबर १९७४ रोजी अहमदाबादेत झाले. शाहिद तिला दिल्लीच्या दिवसांपासून ओळखत होते. गालिब आणि फैज यांची गझल त्यांनी आधी कानाने घेतली, आणि ती मुख्यतः तिच्या गळ्यातून. रदीफ येण्याआधी श्रोत्यांच्या मनात ती कशी तयार होते, हे छापील दिवाण (गझलसंग्रह) वाचून कळत नाही, मैफलीत कळते. पुढे इंग्रजी गझलेसाठी त्यांनी धरलेल्या आग्रहाचे मूळ येथे शोधावे, असे प्रस्तुत नोंदकाराला वाटते.

‘द हाफ-इंच हिमालयाज’ (१९८७) या संग्रहाने अमेरिकेत त्यांचे नाव झाले. टपालपेटीत आलेल्या चार बाय सहा इंचांच्या पत्रचित्रात मावलेले घर, ढाक्याच्या मलमलीची आजीने सांगितलेली आठवण असे या कवितांचे विषय. रचना मुक्तछंदी आणि स्वर आवरलेला. ‘अ नॉस्टॅल्जिस्ट्स मॅप ऑफ अमेरिका’ (१९९१) मध्ये ॲरिझोनाचे वाळवंट येते. त्यानंतरच्या ‘द कंट्री विदाऊट अ पोस्ट ऑफिस’ (१९९७) मध्ये १९९० नंतरचे काश्मीर आहे. १९९० मध्ये खोऱ्यात सुमारे सात महिने टपाल पोचत नव्हते, असे सांगितले जाते. शीर्षककविता त्यावर उभी आहे. चरार-ए-शरीफचा दर्गा मे १९९५ मध्ये जळाला, त्याच वर्षी अपहरण झालेल्या परदेशी पर्यटकांपैकी एकाची हत्या झाली. या घटनाही संग्रहात आहेत. याच काळात कवी मुक्तछंद सोडून अधिकाधिक कडक बंधांकडे वळलेला दिसतो. हा बदल सामान्यतः अमेरिकी कवी जेम्स मेरिल यांच्या मैत्रीशी जोडला जातो. ते खरेच आहे, पण पुरेसे नाही. विषय हाताबाहेर जाऊ लागला तेव्हा बंध आवळत गेला, असाही या कवितांचा क्रम लावता येतो.

गझल. शाहिद यांच्यापूर्वी इंग्रजीत गझल नव्हती असे नाही. १९६९ मध्ये गालिबच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली. त्या निमित्ताने एजाज अहमद यांनी गालिबच्या निवडक गझलांची शब्दशः भाषांतरे टिपांसह अमेरिकी कवींना दिली. ॲड्रिएन रिच, डब्ल्यू. एस. मर्विन, विल्यम स्टॅफर्ड, मार्क स्ट्रँड आदींनी त्यांवरून केलेल्या रचना ‘गझल्स ऑफ गालिब’ (१९७१) या ग्रंथात आल्या. रिच यांनी तर १९६८ मध्येच गालिबला वाहिलेल्या स्वतंत्र गझला लिहिल्या होत्या. या साऱ्यांनी शेराची स्वायत्तता उचलली. काफिया, रदीफ आणि वृत्त मात्र सोडून दिले. सुट्या द्विपदींची मुक्तछंदातली माळ म्हणजे गझल, अशी समजूत त्यातून उत्तर अमेरिकेत पसरली. कॅनडात जॉन थॉम्पसन यांचा ‘स्टिल्ट जॅक’ (१९७८) आणि फिलिस वेब यांच्या ‘प्रतिगझला’ (१९८४) यांनी या धाटणीला स्वतःची परंपरा मिळवून दिली.

शाहिद यांचा आक्षेप असा, की शेर परस्परांपासून सुटे असू शकतात ते काफिया-रदीफ त्यांना बांधून ठेवतात म्हणूनच. बंध काढला की उरते ती केवळ विस्कळीत कविता. ‘रॅव्हिशिंग डिसयुनिटीज’ (२०००) या त्यांनी संपादित केलेल्या संकलनाचे शीर्षक यावरूनच आले. शंभराहून अधिक कवींच्या इंग्रजी गझला त्यात आहेत आणि उपशीर्षकातील ‘खऱ्या गझला’ हा शब्दप्रयोग उघडच डिवचणारा आहे. प्रस्तावनेत ते मतला (पहिला शेर), शेर, मक्ता हे पहिल्या इयत्तेपासून शिकवतात, अगदी ‘गझल’ या शब्दाच्या उच्चारापासून. (‘गझल’ लिहिताना मूळ ध्वनीशी तडजोड करणाऱ्या मराठी लेखकांनी या उच्चारहट्टाला फार हसू नये.) पहिल्या शेरात कवी हवी ती जमीन (काफिया-रदीफीचा साचा) निवडायला मोकळा असतो, एकदा निवडली की तो तिचा गुलाम होतो आणि मालकावर मात करण्याची गुलामाची धडपड म्हणजेच उरलेली गझल, हे त्यांचे विवेचन कवीपेक्षा अध्यापकाचे आहे. सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ वाटून मराठीत जे काम केले, त्याच्या जवळ जाणारे हे काम आहे, मात्र दोघांपुढील अडचणी निराळ्या.

अडचण पदक्रमाची. उर्दूप्रमाणे मराठीतही वाक्याच्या शेवटी क्रियापद येते, म्हणून ‘आहे’, ‘होते’, ‘गेलो’ अशी रदीफ आपोआप बसते आणि तिच्या आधीचे नाम किंवा विशेषण काफियाला मोकळे राहते. इंग्रजीत क्रियापद मध्येच खर्ची पडते. वाक्याच्या टोकाला उरते ते कर्म, क्रियाविशेषण किंवा शब्दयोगी पदसमूह. शाहिद यांच्या रदीफा पाहिल्या तर ‘टुनाइट’, ‘इन ॲरेबिक’, ‘ईव्हन द रेन’, ‘ऑफ लाइट’, ‘बाय एक्झाइल्स’ अशा बहुतांशी याच जातीच्या आहेत. क्रियापदी रदीफ विरळा. ‘एग्झिस्टेड’ ही तशी एक, आणि तिची रचना एका शेरावरच थांबलेली आहे.

‘टुनाइट’ या गझलेत ‘स्पेल’, ‘फेअरवेल’, ‘एक्सपेल’, ‘इन्फिडेल’ असे काफिये येतात. आपल्या परिभाषेत अलामत (यमकाच्या अक्षराआधी कायम राहणारा स्वर) ‘ए’ची. मक्त्यात ‘इश्माएल’ हा काफिया साधताना कवी बायबलमधील ईयोबाच्या कथेतील एकटाच वाचलेला निरोप्या, मेल्व्हिलच्या ‘मोबी डिक’ या कादंबरीचे पहिले वाक्य आणि इब्राहिमपुत्र इस्माईल या तिघांना दोन ओळींत एकत्र आणतो. आपल्याकडच्या काटेकोर कानाला हा काफिया थोडा सैल वाटेल. इंग्रजी उच्चारात तो खपतो.

‘अरबी’ रदीफीच्या गझलेची दोन रूपे उपलब्ध आहेत. एका रूपात रदीफ आहे, काफिया नाही. दुसऱ्यात रदीफीच्या आधी ‘बिझनेस’, ‘पिटिलेस’, ‘ट्रेस’ असा काफिया काटेकोर पाळलेला आहे. पहिले रूप आधीचे. म्हणजे इतरांना नियम शिकवणाऱ्या कवीलाही तो पुरता हाती यायला वेळ लागला होता. हा टप्पा १९९०च्या दशकाच्या मध्याच्या आसपासचा धरावा. त्याहून नेमके वर्ष सांगणे धाडसाचे होईल. वृत्ताबाबत मात्र त्यांनी फारशी सक्ती केली नाही. बहर (उर्दू वृत्त) इंग्रजीत उतरत नाही, तेव्हा ओळींची लांबी सर्वत्र सारखी ठेवावी, एवढ्यावर ते थांबले. गणवृत्त किंवा मात्रावृत्त पाळणाऱ्या मराठी गझलकाराला ही सूट मोठी वाटेल. माधव जूलियन यांच्या ‘गज्जलांजलि’त (१९३३) नेमके उलट दिसते: वृत्त कडक, पण शेर अनेकदा एकाच विषयाच्या धाग्यात ओवलेले.

‘खरी गझल’ हा दावा शुद्धतावादी आहे आणि एका भाषेतील रचनाप्रकार दुसऱ्या भाषेत जाताना बदलणारच, असा प्रतिवाद झाला आहे. तो सर्वस्वी गैरलागू नाही. तथापि १८२१च्या सुमारास र्‍यूकर्ट आणि प्लाटेन यांनी जर्मनमध्ये रदीफ सांभाळून गझला लिहिल्या होत्या, हे ध्यानात घेता युरोपीय भाषांना हा बंध पेलत नाही असे म्हणता येत नाही.

फैज यांच्या कवितांचा अनुवाद ‘द रेबेल्स सिल्हूट’ (१९९१, सुधारित आवृत्ती १९९५) हा या आग्रहाला अपवाद ठरतो. येथे शाहिद यांनी नज्मेबरोबर (नज्म म्हणजे एका विषयाची सलग कविता) गझलांनाही मुक्तछंद दिला. काफिया-रदीफ अनुवादात आणण्याचा हट्ट धरला नाही. ही विसंगती टीकाकारांनी फारशी विचारात घेतलेली नाही.

आई मेंदूतील गाठीने १९९७ मध्ये अमेरिकेत वारली. तिचे पार्थिव दफनासाठी काश्मीरला नेण्यात आले. या प्रवासाला करबलाच्या शोककथेची चौकट देणारा ‘रूम्स आर नेव्हर फिनिश्ड’ (२००१) अमेरिकेच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत होता. त्यातील ‘लेनॉक्स हिल’ ही कविता कॅन्झोन या इटालियन बंधात आहे: पासष्ट ओळी आणि ओळींच्या अखेरीस आलटून पालटून येणारे पाचच शब्द. शाहिद यांनी असे तीन कॅन्झोन लिहिले.

फेब्रुवारी २००० मध्ये त्यांना अकस्मात भोवळ आली आणि आईला झाला तोच आजार त्यांनाही असल्याचे निदान झाले. ॲमहर्स्ट येथे वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. दफन जवळच्या नॉर्थॅम्प्टन येथे. ‘कॉल मी इश्माएल टुनाइट’ हा केवळ गझलांचा संग्रह २००३ मध्ये आणि समग्र कविता ‘द व्हेल्ड स्वीट’ या नावाने २००९ मध्ये निघाली. युटा विद्यापीठाचे प्रकाशन त्यांच्या नावाने काव्यसंग्रहासाठी पुरस्कार देते. मनन कपूर यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.