शिक्षण परिषद (केंद्रस्तरीय)

शिक्षण परिषद म्हणजे महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून आपापल्या वर्गातल्या शिकवण्याबद्दल बोलायची बैठक. एका केंद्रात साधारण दहाएक शाळा असतात, त्या सगळ्या शाळांचे गुरुजी आणि बाई एका शाळेत जमतात, यजमान शाळा दर वेळी बदलते आणि सगळं चालवायची जबाबदारी केंद्रप्रमुखांची. नाव ऐकून बाहेरच्या माणसाला मंडप, पाहुणे, शाली असं काहीतरी वाटतं, पण बहुतेक ठिकाणी सकाळची शाळा सुटल्यावर एका वर्गात सतरंजीवर दाटीवाटीने बसलेले शिक्षक, एक फळा आणि चहा एवढंच असतं.

जवळपासच्या शाळा एकमेकींना जोडायच्या म्हणजे शिक्षक एकटा पडणार नाही, ही कल्पना कोठारी आयोगाने (१९६४-६६) शाळासंकुल या नावाने मांडली होती. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यात डाएट म्हणजे शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या जिल्हा संस्था आल्या, आणि महाराष्ट्रात १४ नोव्हेंबर १९९४ च्या शासन निर्णयाने केंद्रीय प्राथमिक शाळा ठरल्या, केंद्रप्रमुखांची ४८६० पदं तयार झाली. पुढे यातली बरीच पदं वर्षानुवर्षं रिकामीच राहिली, मग कुणातरी शिक्षकाकडे चार्ज द्यायचा आणि त्याने आपला वर्ग सांभाळून केंद्रही बघायचं, असं चालत आलं.

याची गरज का आहे ते द्विशिक्षकी शाळेत काम केलेल्यालाच नीट कळतं. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, दोघांकडे दोन-दोन वर्ग, त्यातला एक जण मीटिंगला गेला की चारही वर्ग एकावर. आपण शिकवतो ते बरोबर चाललंय का हे विचारायला शेजारी कुणी नसतं. डीएडला असताना सराव पाठाला मागे बसून निरीक्षण वहीत लिहिणारे सर असायचे, नोकरी लागल्यावर तसं बघणारं कुणी राहत नाही, जे येतात ते तपासणीला येतात, आणि तपासणीच्या दिवशी कुठला शिक्षक स्वतःची अडचण सांगेल?

चांगली परिषद कशी असते ते एका उदाहरणावरून सांगतो. दुसरी-तिसरीची मुलं ५२ मधून २७ वजा करताना ३५ लिहितात. बाई म्हणतात, दहा वेळा हातचा शिकवला तरी तेच. पण वही सगळ्यांसमोर ठेवली की दिसतं, मूल हातचा विसरलेलंच नाही, ते प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढतंय, सातातून दोन पाच आणि पाचातून दोन तीन. म्हणजे त्याला एक नियम सापडलाय, फक्त तो चुकीचा आहे, आणि पुन्हा हातच्याची रीत सांगून तो जाणार नाही, काड्यांचे दहाचे गठ्ठे सोडून दाखवावे लागतील. असंच दुसरं म्हणजे बावन्न ऐकून २५ लिहिणं, कारण मराठीत एककाचा आवाज आधी येतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘पन्नास दोन’ असं संख्यावाचन आलं तेव्हा बाहेर केवढा गदारोळ झाला, पण हा घोळ पहिली-दुसरीच्या शिक्षकांना रोजचाच होता.

आपण काय केलं, मुलांनी त्याचं काय केलं आणि आता काय बदलायचं हे थांबून बघण्याला शिक्षणशास्त्रात चिंतनशील अध्यापन म्हणतात. अमेरिकेतल्या डॉनल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये यात दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या, काम चालू असतानाचा विचार आणि काम झाल्यावरचा विचार. पहिला प्रत्येक शिक्षक करतोच, मुलांचे चेहरे बघून पाठ तिथल्या तिथे वळवतो. दुसऱ्याला मात्र वेळ लागतो आणि माझ्या मते सोबतही लागते. जपानमध्ये शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एक जण तो घेतो, बाकीचे मागे उभे राहून शिक्षकाला नाही तर मुलांना बघतात आणि मग चर्चा होते. आपल्याकडे परिषदेत आदर्श पाठ असतो, पण ‘आदर्श’ म्हटलं की तो चुकायला नको, म्हणून मुलांकडून आधीच तयारी करून घेतली जाते आणि शेवटी टाळ्या वाजतात, बोलण्यासारखं काही उरतच नाही. यापेक्षा फसलेला पाठ मांडावा.

लिहिण्याचंही तसंच झालंय. २० ऑगस्ट २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी शिक्षकाने ठेवायच्या ठरल्या. कल्पना खरंच सुंदर होती, पण पट मोठा, विषय आठ-नऊ, म्हणून तयार नोंदींच्या पीडीएफ फिरायला लागल्या आणि सगळ्या वर्गाच्या नावापुढे ‘उत्साहाने सहभागी होतो’ उतरलं. टाचणाचंही, म्हणजे पाठाच्या आधी करायच्या नियोजनाच्या वहीचंही, बऱ्याच ठिकाणी असंच आहे, उद्याचं लिहिलेलं असतं, काल काय झालं ते लिहायला जागाच नसते.

परिषद बिघडते ती परिपत्रकांनी. तीन तासांतले दोन तास कुठली माहिती कुठल्या लिंकवर भरायची यात गेले की वह्या पिशवीतच राहतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी सांगितलेत, ते तास ऑनलाइन कोर्सच्या व्हिडिओंनीही भरता येतात, पण व्हिडिओला माझ्या वर्गातलं ते ३५ दिसत नाही. काही केंद्रांत मागच्या महिन्यात ज्या मुलाची वही बघितली त्याचीच वही पुढच्या परिषदेत परत आणायची असं ठरवून घेतात, मध्ये काड्यांचे गठ्ठे केले का, किती दिवस केले, ५२ वजा २७ चं आता काय येतंय, हे बाई स्वतः सांगतात, आणि परिपत्रकं शेवटच्या अर्ध्या तासात.