बालरुग्ण-कुटुंब निवास

गंभीर आजारी मुलावर परगावी दीर्घकाळ उपचार चालू असताना मूल व त्याचे पालक यांच्यासाठी रुग्णालयाबाहेर केलेली विनामूल्य किंवा नाममात्र शुल्काची राहण्याची सोय. महाराष्ट्रात हा विषय मुख्यतः परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाशी (स्था. १९४१) आणि बालकर्करोगाशी निगडित असल्याने प्रस्तुत नोंदीचा भर त्यांवर आहे.

गरज : मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया (एएलएल) हा रक्ताचा कर्करोग. त्याचे उपचार साधारणपणे दोन ते तीन वर्षे चालतात. पहिले सहा ते आठ महिने रुग्णालयात वारंवार जावे लागते, परंतु बहुतेक औषधे डे-केअरमध्ये, म्हणजे दाखल न करता दिवसापुरते बोलावून, दिली जातात. मूल दाखल नसते आणि गावीही परतू शकत नाही. शासकीय आरोग्य योजनेतून (उदा., महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना) ठरावीक उपचारांचा खर्च भागतो, एवढ्या महिन्यांचे खोलीभाडे, बुडालेली मजुरी आणि गावी राहिलेल्या भावंडांचा खर्च भागत नाही. उपचार अर्धवट सुटण्यामागे बहुधा हीच कारणे असतात. वैद्यकीय कारणाशिवाय सलग चार किंवा अधिक आठवडे उपचार चुकल्यास ते सोडले असे आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार धरतात. म्हणून निवासाला धर्मादायाची जोड न मानता उपचाराचाच भाग मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

उगम : याविषयी मतभेद आहेत. अनेक संदर्भग्रंथांत फिलाडेल्फिया येथे १९७४ मध्ये उघडलेले रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस हे या प्रकारचे पहिले निवास मानले जाते. बालकर्करोगतज्ज्ञ ऑड्री एव्हान्स यांची कल्पना, ल्युकेमिया झालेल्या मुलीचे वडील असलेले फुटबॉलपटू फ्रेड हिल यांचा संघ आणि एका खाद्यगृह-साखळीचा निधी यांतून ते उभे राहिले. मात्र न्यूयॉर्क राज्यातील बफलो येथे केव्हिन गेस्ट हाउस १९७२ मध्येच सुरू झाले होते, आणि तेही ल्युकेमियाने मुलगा गमावलेल्या दांपत्याने काढले होते. कालक्रम पाहता अमेरिकेपुरता अग्रमान बफलोकडे जातो. फिलाडेल्फियाच्या घराची ख्याती पुढे झालेल्या जगभरच्या प्रसारामुळे आहे. तिसरा धागा ब्रिटनमधला. न्यूकॅसल येथे बालरोगतज्ज्ञ जेम्स स्पेन्स यांनी १९२० च्या दशकात आजारी बालकांबरोबर आयांनाही रुग्णालयात ठेवून घेतले आणि रुग्णालयातील मुलांविषयीच्या १९५९ च्या सरकारी प्लॅट अहवालाने त्या प्रथेला अधिकृत मान्यता दिली. काही लेखक कुटुंब निवासाची परंपरा येथून सुरू करतात. तथापि ती सोय रुग्णालयाच्या आतली होती. बाहेरच्या स्वतंत्र निवासाशी तिचे नाते वैचारिक म्हणावे लागेल.

भारतातील निवासे या पाश्चात्त्य परंपरेतून आली असे मानण्यास पुरेसा आधार नाही. आपल्या सार्वजनिक रुग्णालयांत आईला आत येऊ देण्याचा वाद तेवढा तीव्र कधीच नव्हता. खाटेशेजारी नातेवाईक असणे गृहीतच धरलेले होते. प्रश्न होता तो रात्री पाठ टेकण्याचा, आणि परळच्या पदपथांवर तो अजूनही दिसतो. यात्रेकरूंच्या धर्मशाळांचा नमुना रुग्णांसाठी वापरला गेला, हे मत म्हणूनच अधिक ग्राह्य वाटते. गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांच्या धर्मशाळांची परंपरा चालवणारी दादरची धर्मशाळा प्रामुख्याने कर्करुग्णांना आसरा देते. परळच्या नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आणि वांद्र्याचे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस स्मृती निवास हीही याच प्रवाहातली. केवळ मुलांसाठीची वेगळी रचना अलीकडची आहे : सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ मध्ये मुंबईत सुरू झाली.

रचना : जुन्या धर्मशाळांत मोठे दालन आणि रांगेने खाटा असतात. मुलांच्या निवासात प्रत्येक कुटुंबाला वेगळी खोली किंवा कप्पा देतात. स्वयंपाकघर सामाईक, पण शेगडी व कपाट प्रत्येकाचे निराळे. याचे कारण केवळ आवडनिवड नव्हे. एएलएलच्या पहिल्या टप्प्यात साधारण चार आठवडे स्टेरॉइड देतात. त्या काळात मूल चिडचिडे होते, रात्री-अपरात्री उठून खायला मागते. ठरल्या वेळी कुलूप लागणारे स्वयंपाकघर तेव्हा निरुपयोगी ठरते. पुढे तोंड आले की तिखट चालत नाही, तेव्हा मऊ भात किंवा पेज लागते. बिहारमधील वा बंगालमधील आईला आपल्या पद्धतीचे करून घालता आले, तर मूल चार घास जास्त खाते.

आहार : न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) घटलेल्या मुलाला कच्चे काहीही देऊ नये, असा कडक नियम पूर्वी होता. त्याने संसर्ग कमी होतात असे अभ्यासांतून स्पष्ट झालेले नाही. आता भर स्वच्छतेवर आहे. ताजे, पूर्ण शिजलेले अन्न दोन तासांच्या आत संपवणे, फळ धुऊन सोलून देणे, पाणी खळखळ उकळून झाकून ठेवणे, बाहेरची चटणी व बर्फ टाळणे एवढे पुरते.

ताप : निवासातील सर्वांत मोठी आणीबाणी. काखेत ३८° से. (१००.४° फॅ.) किंवा अधिक ताप आल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते, पोहोचल्यापासून ६० मिनिटांत शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे असे उद्दिष्ट असते. नेहमीची चूक म्हणजे आधी पॅरासिटॅमॉल देणे. ताप उतरतो, पालक निश्चिंत होतात आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरत राहतो. गुदद्वारातून तापमान घेऊ नये. खोलीत डिजिटल थर्मामीटर, दाराशी लटकवलेली फाइल आणि रात्री वाहन मिळण्याची निश्चित व्यवस्था या तिन्हींपैकी एखादी गोष्ट जरी नसली, तरी निवास रुग्णालयाजवळ असूनही उपयोग होत नाही.

कांजिण्या : एका मुलाला निघाल्या तर सगळी इमारत धोक्यात येते, कारण पुरळ उठण्याच्या एकदोन दिवस आधीपासून त्या पसरतात. संपर्कात आलेल्या मुलाचे नाव त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे लागते. संरक्षक इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडे) शक्यतो ९६ तासांत द्यायचे असते. अशा मुलाला संपर्काच्या ८ व्या ते २१ व्या दिवसापर्यंत वेगळे ठेवतात. इम्युनोग्लोब्युलिन दिल्यास २८ व्या दिवसापर्यंत. पल्स पोलिओच्या दिवशी स्वयंसेवक दारात येतात तेव्हाही सावध राहावे : तोंडावाटे दिलेल्या लसीतील जिवंत विषाणू विष्ठेतून बाहेर पडतो. म्हणून सोबत राहणाऱ्या धाकट्या भावंडालाही इंजेक्शनची पोलिओ लस देणे इष्ट.

शौचालय : केमोथेरपीनंतर सुमारे ४८ तास लघवी व उलटीत औषधाचा अंश असतो. ते हातमोजे घालून साफ करावे, झाकण लावून दोनदा पाणी सोडावे, कपडे वेगळे धुवावेत. गरोदर आईने हे काम करू नये. आई गरोदर आहे का, हा प्रश्न प्रवेशाच्या वेळी विचारायचा राहून जातो.

प्रवास : रुग्णालयाच्या ठरावीक नमुन्यातील दाखल्यावर रेल्वेत स्लीपर व थ्री-टियर वातानुकूलित वर्गात कर्करुग्णाला भाड्यात १०० टक्के आणि एका सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. पहिल्या फेरीत दाखला हाती नसल्याने बहुतेक कुटुंबे पूर्ण भाडे भरतात.

भावंडे : ती सहसा आजी-आजोबांकडे राहतात. त्यांच्या शाळेविषयी व मनःस्थितीविषयी मराठीत फारसे लेखन नाही.

मुंबईबाहेर कोलकाता, हैदराबाद, दिल्ली, चेन्नई व गुवाहाटी येथेही अशी केंद्रे आहेत. महाराष्ट्रात बार्शी व नागपूर येथील कर्करोग रुग्णालयांमुळे काही कुटुंबांचा मुंबईचा प्रवास टळतो.