जबड्याचा सांधा: फिरणारा आणि घसरणाराही

दोन्ही कानांच्या अगदी पुढे एकेक बोट टेकवून तोंड सावकाश उघडले, तर बोटाखालचे हाड आधी जागच्या जागी फिरते आणि मग पुढे सरकून त्या जागी खळगा पडतो. जबडा हा नुसत्या बिजागरीवर चालत नाही, याचा पुरावा तो खळगाच आहे.

खालच्या जबड्याचे लंबगोल टोक कानशिलाच्या हाडातील खोबणीत बसते आणि खोबणीच्या पुढे त्याच हाडाचा एक उंचवटा असतो. दोन्ही हाडांच्या मध्ये तंतुमय ऊतीची, मध्यभागी पातळ व कडांना जाड अशी चकती असते, जिच्यामुळे सांध्याचे दोन कप्पे पडतात. तोंड पहिले २०-२५ मिलिमीटर उघडेपर्यंत हालचाल मुख्यतः खालच्या कप्प्यात, म्हणजे फिरण्याची असते. त्यानंतर लॅटरल टेरिगॉइड हा आखूड स्नायू जबड्याचे टोक पुढे ओढतो आणि ते चकतीसह उंचवट्याच्या उतारावरून खाली घसरते. प्रौढांचे तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडू शकते, ते या घसरण्यामुळेच.

दोन्ही सांधे एकाच हाडाने जोडलेले असल्याने एकाला दुसऱ्यावाचून हलता येत नाही. उजव्या दाढांनी चावताना उजवे टोक बहुतांशी जागीच वळते, तर डावे पुढे, खाली आणि आत सरकते.

चकती पुढे निसटलेली असेल, तर तोंड उघडताना टोक तिच्या जाड कडेवरून पुन्हा मध्यभागी चढते आणि 'कट्' असा आवाज होतो. वेदना नसतील तर अशा आवाजाला बहुधा उपचार लागत नाहीत. मात्र आवाज थांबला आणि तोंडही कमी उघडू लागले, तर ती सुधारणा समजू नये; चकती पुढेच अडकलेली असू शकते.

मोठ्या जांभईत टोक उंचवट्याच्याही पुढे गेले आणि मागे फिरले नाही, तर जबडा निखळतो. तोंड मिटणारे बळकट स्नायू त्याला तिथेच वर ओढून धरतात, म्हणून रुग्णाने कितीही जोर लावला तरी तोंड मिटत नाही. डॉक्टर खालच्या दाढांवर अंगठे ठेवून जबडा आधी खाली दाबतात आणि मगच मागे ढकलतात. प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रॅटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, दोन हजार वर्षांहून जुन्या ग्रंथांतही ही रीत आढळते. तिच्यातला क्रम महत्त्वाचा आहे, कारण उंचवट्याच्या खाली उतरल्याशिवाय ते टोक खोबणीत परतूच शकत नाही.