व्हॅरम पर्सी: प्लेगमधून वाचलं, मेंढरांनी उठवलं

आपल्याकडे जुन्या महसुली दप्तरात एखाद्या गावापुढे ‘बेचिराग’ असा शेरा असायचा. गावाला नाव आहे, शीव आहे, पण दिवा लावायला माणूस नाही. मध्ययुगात अशी बेचिराग झालेली सुमारे 3000 गावं इंग्लंडमध्ये नोंदली गेली आहेत. त्यांतलं सगळ्यात बारकाईने अभ्यासलेलं गाव म्हणजे यॉर्कशायरमधल्या खडूच्या टेकड्यांत वसलेलं व्हॅरम पर्सी.

आज तिथे दिसतं ते बिनछपराचं चर्च, एक तळं आणि गवताने झाकलेले उंचवटे. उन्हं कलली की उंचवट्यांच्या सावल्या पडतात आणि घरांचे चौथरे, परसं, मधली वाट ओळखू येते. या उंचवट्यांखाली घरंच आहेत का, हे तपासायला आर्थिक इतिहासाचे अभ्यासक मॉरिस बेरेसफर्ड यांनी 1950 मध्ये कुदळ मारली. पुढे पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट त्यांना येऊन मिळाले. दर उन्हाळ्यात स्वयंसेवकांना घेऊन खणायचं, असं 1990 पर्यंत चाललं. एकाच खेड्यासाठी 40 वर्षं!

गाव ओस पडलं म्हटलं की पहिला संशय 1348-49 च्या प्लेगवर जातो. माणसं गेली हे खरं, पण त्यानंतरही गाव दीडशे वर्षं नांदतं होतं. खरा फास पुढे बसला. माणसं कमी झाल्याने मजुरी चढली, धान्याला भाव राहिला नाही आणि लोकरीला मात्र गिऱ्हाईक होतं. नांगरटीला अख्खं गाव लागतं, मेंढरांना एक धनगर पुरतो. जमीनदाराने हिशेब केला. 1517 च्या सरकारी चौकशीत नोंद आहे ती चार घरं आणि चार नांगर मोडल्याची. गाव आधीच विरळ होत आलं होतं, ही बहुधा शेवटची चार घरं. एका गावाचा शेवट दप्तरात एवढ्याच जागेत मावला.

चर्चच्या भिंतीत हीच गोष्ट दगडात वाचता येते. वस्ती वाढली तेव्हा दोन्ही बाजूंना पाखे काढले. वस्ती घटली तसे ते पाडले आणि कमानी दगडांनी बुजवल्या. त्या बुजवलेल्या कमानी आजही दिसतात.

चर्चच्या आवारातून सुमारे 700 सांगाडे निघाले, पण जास्त चर्चा झाली ती वस्तीतल्या खड्ड्यात मिळालेल्या हाडांची. निदान दहा माणसांची ही हाडं, त्यांवर सुरीचे घाव आणि जाळल्याच्या खुणा. 2017 मध्ये अभ्यासकांनी मत मांडलं की मेलेला माणूस उठून येईल या भीतीने प्रेतांची ही गत केली असावी. माणसं परकी नव्हती, याच भागात वाढलेली होती.

गाव गेलं तरी चर्च चालूच राहिलं, कारण आसपासच्या खेड्यांना दुसरं नव्हतं. थिक्सेनडेलचे लोक बारशाला, लग्नाला, मातीला टेकड्या ओलांडून या निर्मनुष्य जागी येत. 1870 मध्ये त्यांना स्वतःचं चर्च मिळालं आणि तीही वर्दळ आटली. 1959 मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला. उरलेला अजून तसाच उभा आहे.